उजवी खुर्ची

कॅप्टन केतकी वाळिंबे त्या दुपारी पुण्याहून गुवाहाटीला निघाली, तेव्हा विमानात एकशे ब्याऐंशी प्रवासी होते, मागे चार जणींचा केबिन क्रू होता आणि कॉकपिटमध्ये ती एकटी होती. त्या एकटेपणाची तिला आता सवय झाली होती. उजवीकडची सहवैमानिकाची खुर्ची चार वर्षांपूर्वीच काढून टाकली होती आणि तिच्या जागी राखाडी रंगाचं एक बुटकं कपाट बसवलं होतं. त्या कपाटात 'अढळ' होता.

विमान आपोआप उडवणारं यंत्र तसं शंभर वर्षं जुनं. पण जुनं यंत्र ठरवून दिलेली दिशा आणि उंची तेवढी सांभाळायचं. अढळ वादळ पाहून वाट बदलायचा, इंजिनाच्या बारीक थरथरीवरून आजार ओळखायचा, रेडिओवर नियंत्रण कक्षाशी सभ्य आवाजात बोलायचा. त्यामुळे दोन वैमानिकांची गरज उरली नाही असं कंपन्यांनी ठरवलं. वर एक माणूस पुरे. दुसरा जमिनीवर, नागपूरच्या एका बिनखिडक्यांच्या दालनात बसून एका वेळी पाच विमानांवर लक्ष ठेवील. त्याला म्हणायचे भू-वैमानिक. वरच्या माणसाला काही झालं तर तो मदतीला.

त्या दुपारी केतकीच्या विमानावर लक्ष ठेवायला हर्षल सोनटक्के होता. पुण्याहून उड्डाण करायच्या आधी पडद्यावर त्याचं नाव उमटलं, तेव्हाच तिच्या कपाळावर आठी चढली होती.

हर्षलने सात वर्षं तिच्या उजवीकडे बसून विमान चालवलं होतं. भंडाऱ्याच्या शाळामास्तरांचा हा मुलगा. हात इतका हलका, की तो विमान उतरवायचा तेव्हा चाकं कधी टेकली ते प्रवाशांना कळत नसे. केतकी तेव्हा वैमानिक संघटनेची अध्यक्ष होती. खुर्ची काढायचा प्रस्ताव आला तेव्हा तिने दोन महिने भांडून पाहिलं आणि शेवटी एका करारावर सही केली. जे कॅप्टन आहेत ते निवृत्तीपर्यंत राहतील, सहवैमानिक जमिनीवर जातील. आज ना उद्या हे होणारच, निदान अर्धे तरी वाचले, असं तिने स्वतःला समजावलं. वाचलेल्या अर्ध्यांत आपण आहोत, हे तिने स्वतःला फारसं सांगितलं नाही.

सही झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी मिळून कोचीची फेरी केली. दोन तास ती त्याच्या शेजारी बसली होती, पण अवाक्षर बोलली नाही. कोचीला उतरल्यावर हर्षलने फोन चालू केला आणि बातमी वाचली. त्याने फोन तिच्यासमोर धरला, ती वाचेपर्यंत थांबला आणि बॅग उचलून निघून गेला. त्यानंतर चार वर्षांत दोघं फक्त आकड्यांपुरतं बोलत आले होते. इंधन इतकं, वारा इतका, उंची इतकी. पूर्वी तो 'केतकी मॅडम' म्हणायचा. आता 'कॅप्टन वाळिंबे' म्हणायचा, आणि ते ऐकून कुणालाही वाटलं असतं की शिवी दिली.

जमशेदपूरच्या थोडं अलीकडे, सदतीस हजार फुटांवर, समोर ढगांचा एक पांढरा, निरुपद्रवी पडदा होता. अढळने त्यातून जायचं ठरवलं. रडारवर काही दिसत नव्हतं, आणि दिसणार तरी कसं. त्या ढगात पाण्याचे थेंब नव्हते, पिठासारखे बारीक बर्फाचे कण होते, आणि असे कण रडारला जवळजवळ दिसत नाहीत.

विमानाला आपला वेग कळतो तो नाकाजवळच्या बोटभर जाडीच्या नळ्यांतून. समोरून येणारी हवा नळीत शिरते, तिचा दाब मोजला की वेग निघतो. अशा तीन नळ्या असतात. अढळ त्यांच्या जोडीला चौथा आकडा स्वतः काढायचा, इंजिनाची ताकद, पंखांचा कोन आणि उपग्रह यांच्यावरून. मग चार आकड्यांचं मतदान. एखादी नळी बिघडली तर बाकीचे तिघं तिला गप्प बसवत. बनवणाऱ्यांना या रचनेचा फार अभिमान होता. दोन नळ्या एकाच क्षणी, एकाच तऱ्हेने बर्फाने बुजतील आणि एकसारखंच खोटं बोलतील, ही शक्यता त्यांनी कागदावर मांडली होती आणि ती इतकी नगण्य निघाली की सोडून दिली होती.

दोन वाजून सात मिनिटांनी नेमकं तेच झालं. दोन नळ्या म्हणाल्या, वेग वाढतोय. तिसरी नळी आणि अढळ स्वतः म्हणाले, वेग ठीक आहे. दोन विरुद्ध दोन. अढळला निर्णायक मत द्यायचा अधिकार नव्हता. त्याच्या पोटात एकच नियम लिहिला होता, शंका आली की माणसाकडे सोपव. एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात त्याने विमान सोडून दिलं.

तीन कर्कश टणत्कार झाले, लाल दिवा लागला आणि केतकीच्या हातात विमान आलं. हाताने विमान उडवून तिला अकरा महिने झाले होते, आणि तेही प्रशिक्षणाच्या खोट्या कॉकपिटमध्ये. अढळ गेला की त्याची संरक्षणंही जात. नाक किती वर न्यायचं, किती खाली, यावर कुणाचाही लगाम नव्हता. तिच्या समोरच्या काट्यावर वेग भराभर चढत होता. मर्यादेपलीकडे वेग गेला तर पंख फाटतात, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. तिने इंजिनं मंद केली आणि नाक वर उचललं. कुणीही हेच केलं असतं.

पण बुजलेली नळी विचित्र वागते. तिच्यात दाब कोंडून राहतो आणि विमान जसजसं वर जाईल तसतशी ती जास्त वेग दाखवते. केतकीने नाक उचललं, विमान वर गेलं, आकडा आणखी चढला. तिने आणखी उचललं. खरा वेग मात्र उतरत चालला होता.

मग कानात आवाज आला. "कॅप्टन वाळिंबे, तुमच्या वेगाचा आकडा खोटा आहे. उपग्रहावरून मला खरा दिसतोय. तुमचा वेग पडतोय. नाक खाली घ्या."

तिला प्रत्येक शब्द ऐकू आला. आवाज स्वच्छ होता, मध्ये खरखर नव्हती. आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की याला मी चुकायला हवी आहे. चार वर्षं हा याच दिवसाची वाट बघत बसलाय. वेग मर्यादेबाहेर असताना नाक खाली घ्यायचं म्हणजे आत्महत्या, आणि ती करायला हा मला सांगतोय.

तिने नाक तसंच धरून ठेवलं.

त्याने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. विमान थरथरायला लागलं, दगडगोट्यांच्या रस्त्यावरून धावल्यासारखं. एकीकडे वेग जास्त असल्याची घंटा वाजत होती, दुसरीकडे वेग कमी असल्याचा भोंगा. "केतकी मॅडम," हर्षल म्हणाला, आणि त्याच्या आवाजातला तुटकपणा तेवढ्यापुरता गेला होता, "नाक खाली. कृपा करा."

शेवटी तिने ऐकलं ते त्याचं नव्हे. तिचं लक्ष उंचीच्या आकड्याकडे गेलं. नाक वर होतं आणि उंची धाडधाड कमी होत होती. इतक्या वेगातलं विमान असं पडत नाही. तो म्हणतोय तेच खरं, हे तिला तेव्हा कुठे पटलं, आणि तिने दांडा पुढे लोटला. त्याचं पहिलं वाक्य संपल्यापासून बावीस सेकंद गेले होते. पहिल्या पाच सेकंदांत नाक खाली घेतलं असतं तर चार लोकांचा चहा सांडला असता. आता ते झपकन खाली घ्यावं लागलं आणि मागे जे जे बांधलेलं नव्हतं ते सगळं छताला जाऊन आदळलं.

आठ हजार फूट खाली येऊन विमान सावरलं. ढगाबाहेर पडल्यावर नळ्या तापवणाऱ्या तारांनी आतला बर्फ वितळवला, चारही आकडे एकमेकांशी जुळले, आणि अढळने सभ्य आवाजात विचारलं की नियंत्रण परत घेऊ का. तिने विमान हातानेच रांचीला उतरवलं. उतरेपर्यंत हर्षल तिला वारा आणि उंची सांगत राहिला, कॅप्टन वाळिंबे, कॅप्टन वाळिंबे. चाकं टेकल्यावर त्याने संपर्क तोडला.

प्रवासी वाचले, पण नाझनीन मुजावर नावाची सव्वीस वर्षांची हवाई सेविका वाचूनही मोडली. ती ट्रॉली ढकलत होती. छताला आपटून ती ट्रॉलीच्या कडेवर पडली आणि तिचा कण्याचा मणका फुटला. डॉक्टरांनी सांगितलं, कंबरेखाली जाणीव परत येईल असं वाटत नाही.

केतकी तिसऱ्या दिवशी रांचीच्या इस्पितळात गेली. नर्स आत जाऊन निरोप घेऊन आली, पेशंट झोपलीय म्हणून. दाराच्या काचेतून केतकीला दिसत होतं, नाझनीनचे डोळे टक्क उघडे होते आणि ती दाराकडेच बघत होती.

चौकशी दिल्लीत बसली. अध्यक्ष होत्या निवृत्त न्यायमूर्ती लोबो, कमी बोलणाऱ्या, कानाला यंत्र लावणाऱ्या बाई. सुनावणीच्या आदल्या दिवशी विमान कंपनीच्या कायदा विभागाचे प्रमुख नेर्लेकर केतकीला भेटायला आले. गोड माणूस. त्यांनी तिच्या धैर्याची तारीफ केली, प्रवाशांची पत्रं दाखवली आणि मग हळूच विषयावर आले.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. ध्वनिमुद्रण सगळ्यांपुढे आहे, ते कुणी बदलू शकत नाही. त्यात भू-वैमानिक पुन्हा पुन्हा सांगतोय आणि कॅप्टन बावीस सेकंद काही करत नाहीयेत. का, हे ध्वनिमुद्रणात नाही. आता नियमावली म्हणते, अढळ सुटल्यावर भू-वैमानिकाने फक्त ठरलेली यादी वाचायची, स्वतःच्या मनाने सल्ला द्यायचा नाही. सोनटक्क्यांनी नियम मोडला. त्या अनपेक्षित बोलण्याने कॅप्टनचा गोंधळ उडाला, असं कॅप्टनने सांगितलं तर सगळं जुळतं. यंत्राने नियमानुसार काम केलं, कॅप्टनने विमान वाचवलं, दोष एका नियम मोडणाऱ्या माणसाचा.

"तुम्हाला खोटं बोलायला मी सांगत नाहीये," नेर्लेकर म्हणाले. "गोंधळ कुणाचाही उडतो. तेवढंच म्हणायचं."

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, नेर्लेकर चूक काय सांगतायत, नियम त्याने मोडलाच ना. केतकीने फोन ठेवला. नियम मोडला म्हणून तर एकशे ब्याऐंशी माणसं जिवंत होती, हे नवऱ्यालाही कळत होतं. तिला राग नवऱ्याचा आला नाही, हर्षलचाच आला. त्याने यादी वाचली असती तर ती आज या कात्रीत सापडली नसती. मेली असती, पण कात्रीत नसती. इतका वेडा विचार आपल्या मनात येऊ शकतो हे पाहून ती दचकली.

दुसऱ्या दिवशी दालनात हर्षल पहिल्या रांगेत बसला होता. चार वर्षांत त्याचे केस विरळ झाले होते आणि खिडकी नसलेल्या खोलीत राहणाऱ्या माणसाचा फिकटपणा चेहऱ्यावर आला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

लोबो बाईंनी बावीस सेकंदांचं ध्वनिमुद्रण ऐकवलं आणि विचारलं, या वेळात आपल्या मनात काय चाललं होतं. नेर्लेकर शांतपणे पेनाचं टोपण लावत होते. गोंधळ, हा एकच शब्द पुरेसा होता. तो शब्द केतकीच्या जिभेवर आलाही. मग तिला काचेपलीकडचे ते उघडे डोळे दिसले, आणि तो शब्द तिथेच अडला.

"माझा गोंधळ उडाला नव्हता," ती म्हणाली. "त्यांचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं, समजलंही. ते खरं असेल ही शक्यता मी धरलीच नाही, कारण सांगणारे ते होते. आमचं वैर आहे. मला वाटलं, ते मला मारायला बघतायत."

लोबो बाईंनी तिला वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, लेखनिकासाठी. तिने पुन्हा म्हटलं. वैर कशावरून, असं विचारल्यावर तिने कराराचं, सहीचं आणि कोचीच्या फेरीचं सगळं सांगितलं. सांगताना तिला जाणवलं, की आपण हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

जेवणाची सुट्टी व्हायच्या आत हर्षल उभा राहिला. त्याची साक्ष आधीच झाली होती, पण त्याने आणखी बोलायची परवानगी मागितली.

"लाल दिवा लागल्यापासून मी बोलेपर्यंत चार सेकंद गेले," तो म्हणाला. "अहवालात लिहिलंय की हा उपग्रहाचा विलंब. उपग्रहाचा विलंब दीड सेकंदाचा असतो. उरलेले अडीच माझे आहेत. कुणाचं विमान आहे ते मी पाहिलं, आणि म्हटलं, घाबरू दे थोडं."

केतकीला त्याचा राग यायला हवा होता, आणि तो आलाच, उकळत्या तेलासारखा अंगावर आला. त्या अडीच सेकंदांत तिने इंजिनं मंद केली होती. अडीच सेकंद आधी आवाज आला असता तर कदाचित तिने नाक उचललंच नसतं.

बाहेरच्या लांब गल्लीत ती त्याला आडवी गेली. तोच आधी बोलला.

"गैरसमज नको. मी हे तुमच्यासाठी बोललो नाही. तुमच्या उपकाराखाली राहायचं नव्हतं म्हणून बोललो."

दोघांचेही परवाने स्थगित झाले, ते अपेक्षितच होतं. अहवाल आला तो तीन महिन्यांनी, आणि तो वाचताना केतकीच्या लक्षात आलं की नेर्लेकर छोटं काही मागायला आले होते आणि त्यांना मोठं घबाड मिळालं होतं. एकशे चाळीस पानांच्या अहवालात अढळने विमान का सोडलं याला चार ओळी होत्या. बाकीची पानं बावीस सेकंद, अडीच सेकंद, करार, कोची यांच्यावर. यंत्र बनवणाऱ्यांनी आपलं निवेदन जोडलं होतं. बघा, त्यात म्हटलं होतं, आमच्या यंत्राला वैर नसतं. अडचण यंत्र सुटण्याची नाही, ते माणसाच्या हाती जाण्याची आहे. नवा अढळ चारऐवजी सहा मतं घेईल आणि कधीही सुटणार नाही, कारण सोपवायला समोर कुणी नसेल. चौकशी समितीने ही सूचना मान्य केली होती. पाच वर्षांत प्रवासी विमानांतून उरलेली खुर्चीही काढावी.

म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला. कंपन्यांना जे मागायची हिंमत होत नव्हती ते या दोघांनी सत्य बोलून त्यांच्या पदरात टाकलं होतं.

केतकी दोन दिवस नुसती घरात फिरत राहिली. सहा मतं असली तरी तीन विरुद्ध तीन होणारच नाही असं कोण सांगणार? आणि झाले तर यंत्र काय करील? सुटणार नाही. म्हणजे तीन खोट्यांच्या बाजूनेही ते घट्ट धरून बसेल. हे लिहून पाठवायला हवं होतं. पण परवाना स्थगित झालेल्यांना आक्षेप घेता येत नव्हता. अहवालावर तीस दिवसांत आक्षेप घ्यायचा अधिकार एकाच माणसाला होता, जखमी झालेल्याला.

ती मिरजेला गेली. नाझनीनचं घर दर्ग्याजवळच्या गल्लीत होतं. दोन दुकानं सोडून तंबोऱ्याचे भोपळे उन्हात वाळत ठेवले होते आणि गल्लीभर लाखेचा वास होता. दार नाझनीनच्या आईने उघडलं. तिने केतकीला ओळखलं, बस म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. आतून चाकांच्या खुर्चीचा आवाज आला. नाझनीन बाहेर आली आणि केतकीला उभंच ठेवून तिने सगळं ऐकून घेतलं.

"सोनटक्के कुठायत?" तिने विचारलं.

ते येणार नाहीत, आमचं बोलणं नाही, असं केतकीने सांगितलं.

"मग मीही नाही. दोघं या. माझ्यासमोर बसून, एकमेकांच्या तोंडावर सांगा काय केलंत ते. दिल्लीत सांगितलंत ते मी कागदावर वाचलंय. मला ऐकायचंय."

केतकीने हर्षलला फोन केला तो मिरज स्टेशनच्या बाकावर बसून. त्याने उचलला नाही. तिने निरोप ठेवला, फक्त नाझनीन काय म्हणाली तेवढाच, स्वतःचा एकही शब्द न घालता. चौथ्या दिवशी तो नागपूरहून गाडीने आला. दोघं गल्लीच्या तोंडाशी भेटले आणि एकामागून एक, मध्ये चार पावलांचं अंतर ठेवून, आत शिरले.

त्या दुपारी मुजावरांच्या बाहेरच्या खोलीत केतकीने बावीस सेकंद सांगितले आणि हर्षलने अडीच. न्यायमूर्तींसमोर सांगण्यापेक्षा हे फार कठीण गेलं. नाझनीन मध्येच थांबवून प्रश्न विचारायची. तेव्हा मी मागे तिसऱ्या रांगेत होते, तुम्हाला माहीत होतं का, ट्रॉली बाहेर आहे ते? केतकी म्हणाली, माहीत होतं. लक्षात आलं होतं का? नाही. हर्षलला तिने विचारलं, विमानात आणखी माणसं आहेत असं तुम्हाला त्या अडीच सेकंदांत वाटलं का. तो म्हणाला, नाही, मला फक्त एकच माणूस दिसत होतं. बोलताना त्याने केतकीकडे बोट केलं. केतकीने मान खाली घातली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तोही. त्या दोघांत काही निवळलं नाही, पण दोघांनीही नजर काढून घेतली नाही.

आई दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती. नाझनीन रडली नाही. तिने लॅपटॉप मांडीवर ओढला.

"तुम्हा दोघांचं तोंड बघवत नाही मला," ती म्हणाली. "पण तुम्ही आहात, म्हणून तुमच्यावर रागवता तरी येतं. इथे बोलवून घेता येतं, विचारता येतं. उद्या तिथे कुणीच नसलं, तर माझ्यासारखीने कुणाला बोलवायचं? त्या कपाटाला?"

मग तिने विचारलं, काय लिहू. हर्षल म्हणाला, पहिलं वाक्य असं घ्या की अढळने विमान सोडलं. केतकी म्हणाली, आणि का सोडलं तेही, दोन विरुद्ध दोन. तीन विरुद्ध तीन झाल्यावर न सोडणारं यंत्र काय करील, याचं गणित हर्षलला जास्त नीट मांडता येत होतं. तो सांगत गेला, केतकीने दोनदा त्याला दुरुस्त केलं, एकदा त्याने तिला. शेवटी हर्षल म्हणाला, आमच्या दोघांचं जे आहे ते यात नको, त्याने मुद्दा कमकुवत होतो. नाझनीनने मान हलवली.

"ते पहिल्या पानावर जाणार," ती म्हणाली. "ते लपवलं तर तुमच्यात आणि त्या नेर्लेकरांत फरक काय?"

तिने लिहिलेला आक्षेप अठरा पानांचा झाला. समितीला तो फेकून देता आला नाही, कारण त्यात लपवलेलं काही नव्हतं आणि तो लिहिणारी चाकाच्या खुर्चीतून दिल्लीला आली होती. सुनावणी पुन्हा झाली. खुर्ची काढायची शिफारस मागे घेतली गेली, आणि दीड वर्षाने उजवीकडची खुर्चीही लांबच्या उड्डाणांवर परत बसवावी असा आदेश निघाला. एकमेकांशी वैर असलेल्यांना एका उड्डाणावर लावू नये अशीही एक ओळ त्यात होती, आणि ती वाचून सगळे वैमानिक हसले. हर्षलला परवाना परत मिळाला. केतकीने मागितला नाही. ती आणि हर्षल पुन्हा कधी बोलले नाहीत.

पण त्या दुपारी मिरजेत हे काहीच ठरलेलं नव्हतं. आक्षेप पाठवून झाल्यावर हर्षल गाडीची वेळ झाली म्हणून उठला आणि नाझनीनला नमस्कार करून गेला. केतकी मागे राहिली. चपला घालता घालता तिने विचारलं, मी पुन्हा आले तर चालेल का.

नाझनीनने लॅपटॉप मिटला. "या," ती म्हणाली. "मी माफ करणार नाही. पण या."